शिपाई आणि कूळ : पेडणे-डिचोलीच्या यादवीतील लोकजीवन



ज्या ग्रामशिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आपले उभे आयुष्य खेड्यातील मुलांना अक्षरओळख करून देण्यात आणि उरलेला वेळ गावोगावच्या जुन्या दप्तरांची धूळ झटकण्यात वेचले. अशा पुरुषाच्या स्मृतीला वंदन करताना राजेरजवाड्यांच्या पराक्रमाचे वर्णन करण्यापेक्षा, ज्यांची नावे कोणत्याही तहनाम्यात आली नाहीत, परंतु प्रत्येक तहाची किंमत ज्यांनी आपल्या कणगीतून मोजली, त्या सामान्य माणसांविषयी बोलणे मला अधिक उचित वाटले. गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली हे दोन महाल, त्यांना लागून असलेली सत्तरी, आणि या प्रदेशात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुनःपुन्हा पेटत राहिलेली यादवी, हा आजचा विषय आहे. आणि त्या यादवीत शिपाई कसा जगला व रयत कशी जगली, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. कारण येथील माणसाचे भाग्य त्याच्या भूमीच्या ठिकाणाने जितके ठरविले तितके कोणा राजाच्या स्वभावाने ठरविले नाही. उत्तरेस तेरेखोलची खाडी आणि दक्षिणेस शापोरा नदी यांच्या मध्ये पेडणे महाल पसरलेला आहे; हरमल, मांद्रे, मोरजी हे त्याचे समुद्राकडचे गाव, तर धारगळ, इब्रामपूर, हळर्ण हे आतल्या बाजूचे. शापोरा ओलांडून आग्नेयेस वळले म्हणजे डिचोली लागते. तिच्या दक्षिणेस मांडवी, मधून वाळवंटी, आणि पूर्वेस सत्तरीचे रान व त्यापलीकडे सह्याद्रीचे घाट. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट घेतले आणि पुढे तिसवाडी, बारदेश व साष्टी एवढा मुलूख आपल्या हाती पक्का केला. परंतु पेडणे आणि डिचोली त्यानंतरही दीर्घकाळ बहुतांशी त्यांच्या राज्याबाहेर होते. विजापूरची आदिलशाही, नंतर मराठी राज्य, नंतर वाडीचे, म्हणजे सावंतवाडीचे, सावंत भोसले अशा सत्ता येथे आल्या. अर्थात येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या सरहद्दीवर राहिला. त्याची शेती एका राज्यात, सोयरीक दुसऱ्या राज्यात, आणि कुलदैवत कित्येकदा तिसऱ्याच ठिकाणी. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांच्या भयाने नदी ओलांडून डिचोलीतील नार्वे गावी आला, आणि त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, हे आपणांस ठाऊकच आहे. देवांनाच जेथे सरहद्द ओलांडून आश्रय घ्यावा लागला, तेथे माणसांनी तो किती वेळा घेतला असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे.

आता या प्रदेशातील लढायांना यादवी का म्हणावयाचे, हे सांगितले पाहिजे. आपली पाठ्यपुस्तके या काळाचे वर्णन मराठे विरुद्ध पोर्तुगीज, हिंदू विरुद्ध फिरंगी, अशा सरळ रेषेत करतात. आणि त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या व्यासंगी पुराभिलेखपालाने गोव्याच्या दप्तरखान्यातील शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार उजेडात आणल्यानंतर ही रेषा किती ठिकाणी वळते आणि तुटते, ते अभ्यासकांच्या ध्यानी आले. १६६७ चेच उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांनी हा मुलूख जिंकल्यावर कुडाळचे लखम सावंत आणि त्यांच्याबरोबर केशव नाईक, केशव प्रभू, रावळू शेणवी असे सरहद्दीवरचे देसाई पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेले, आणि तेथून आपल्याच पूर्वीच्या गावांवर धाडी घालू लागले. त्याचे प्रत्युत्तर म्हणून महाराजांचे सैन्य त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बारदेशात उतरले आणि डिसेंबरात तह झाला. ज्या गावांवर धाड पडली ते गाव धाड घालणाऱ्या देसायाच्याच वतनाचे होते, आणि ज्या शिपायांनी ती घातली त्यांचे भाऊबंद त्याच गावात नांगर धरून होते. पुढे १६८५ च्या सुमारास कुडाळचे खेम सावंत यांनी संभाजी महाराजांविरुद्ध पोर्तुगीजांशी संधान बांधले. तेच सावंत घराणे १७३९ ते १७४१ या काळात पोर्तुगीजांचे बारदेश व्यापून बसले; आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या खेम सावंतांनी, करवीरकरांशी, म्हणजे कोल्हापूरकरांशी, चाललेल्या झगड्यात मदत मिळावी म्हणून, १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. डिचोली आणि सत्तरी त्याच्या काही वर्षे आधीच, १७८१-८२ मध्ये, पोर्तुगीजांकडे गेली होती. दोन मराठी दरबारांच्या वैराची किंमत म्हणून एक अख्खा महाल परसत्तेच्या हाती गेला, आणि तो देताना पेडण्याच्या एकाही कुळाला कोणी विचारले नाही.

वाडी संस्थानात तर पुढे घरचीच आग भडकली. तिसरे खेम सावंत १८०३ मध्ये वारल्यावर गादीसाठी जो कलह माजला, त्यात दत्तक घेतलेल्या रामचंद्र सावंत या बालकाचा १८०७ मध्ये गळा दाबून अंत करण्यात आला. अशा प्रसंगी तेरेखोलची खाडी ही दोन राज्यांची सीमा तर होतीच, परंतु त्याहून अधिक ती जीव वाचविण्याची वाट होती. एका पक्षाचे दिवस फिरले की त्याचे लोक खाडी उतरून पेडण्यात येत. दुसऱ्याचे फिरले की ते येत. आणि दोघेही ज्यांच्या ओसरीवर उतरत, ती घरे बहुधा त्यांच्या नातलगांचीच असत. पाहुणा म्हणून आलेला सोयरा उद्या फितूर ठरेल की सरदार, हे न कळणे, आणि तरीही त्याच्यासमोर पेजेचा वाडगा ठेवणे भाग असणे, या अवस्थेला यादवीखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे?

येथे मी माझ्या प्रतिपाद्य विषयाच्या गाभ्याशी येतो. माझे म्हणणे असे आहे की, या प्रदेशात दीर्घकाळ शिपाई आणि कूळ असे दोन वेगळे वर्ग नव्हतेच; तो एकच माणूस होता, आणि ऋतू बदलला म्हणजे त्याच्या हातातील अवजार बदलत असे. वतनदार देसायाकडे किंवा सत्तरीच्या राणे घराण्यासारख्या मोकासदाराकडे जी शिबंदी असे, ती बारमाही पगारी फौज नव्हती. जमिनीच्या तुकड्याच्या, किंवा वसुलातील सुटीच्या, किंवा मोसमापुरत्या भाताच्या मोबदल्यात हे लोक चाकरीला येत. मृगाच्या तोंडावर माणूस घरी परतत असे, कारण सरद, म्हणजे पावसाळी, शेतीची पेरणी चुकली तर कोणताही धनी त्याला वर्षभर पोसणार नव्हता. श्रावण-भाद्रपदात नद्यांना पूर, वाटांवर चिखल, घाट बंद. त्या महिन्यांत लढाई जवळजवळ अशक्यच. दसरा आला, सोने लुटले, शस्त्रांची पूजा झाली, भात कापून खळ्यात आले, म्हणजे मग मोहिमेची बोलणी सुरू होत. अशा रीतीने युद्धाचे पंचांग हे भातशेतीच्याच पंचांगाच्या पाठीवर लिहिलेले असे.

या व्यवस्थेत एक कठोर विसंगती होती, आणि सामान्यांच्या दुःखाचे मूळ तिच्यातच आहे. ज्या महिन्यांत लढाईला वाट मोकळी होत असे, त्याच महिन्यांत या मुलखातील दुसऱ्या पिकाची, म्हणजे वायंगण शेतीची, बांधाबांध करावी लागे. डिचोली-सत्तरीकडच्या ओहोळांवर पावसाळा ओसरल्यावर दरवर्षी नवे बांध घालावे लागतात. दगड, माती, पालापाचोळा यांचा हा बांध गावाने मिळून घालावयाचा आणि पाटाने पाणी शेतात खेळवावयाचे. हे काम एकट्या घराचे नव्हे. पुरेसे पुरुष गावात नसतील तर बांध पडत नाही, बांध नाही तर पाट नाही, आणि पाट नाही तर वायंगण नाही. म्हणजे शत्रूने गावाला स्पर्श केला नाही, एक काडी पेटविली नाही, तरी गावचे जवान कार्तिक-मार्गशीर्षात हळर्णच्या किंवा दुसऱ्या एखाद्या ठाण्यावर अडकून पडले एवढ्यानेच गावाचे निम्मे अन्न बुडत असे. इतिहासकार लढाईत पडलेल्यांची गणना करतो. न घातलेल्या बांधाची गणना कोण करणार?

पेडण्याकडे, शापोरा आणि तेरेखोलच्या काठच्या खाजन जमिनींत, ही गोष्ट अधिकच गंभीर होती. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांद घालून राखलेले शेत. त्या बांदाला जागोजाग मानशी बसविलेल्या असतात. भरतीच्या वेळी मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. बांदाला खेकड्याने पाडलेले छिद्रही वेळेवर बुजविले नाही, तर ते वाढत वाढत भगदाड होते. आणि एकदा का खारे पाणी आत शिरले, की पुढचे कित्येक पावसाळे पडून मातीतील मीठ धुऊन जाईपर्यंत त्या शेतात धड भात पिकत नाही. म्हणून खाजन गावात बांदाची राखण हे देवकार्याइतकेच महत्त्वाचे कर्तव्य मानले जाई. पण ज्या वर्षी गावकरी परागंदा झाले, त्या वर्षी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मध्यरात्री बांदावर दिवा घेऊन कोण उभा राहणार? फौज निघून गेल्यावर गाव परत वसते, घरांवर नवे झाप चढतात. परंतु शेताला मात्र लढाईची चव वर्षानुवर्षे लागून राहते.

कुळागरांचेही, म्हणजे माड-पोफळीच्या बागांचेही, तसेच. माडाला आणि पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. गवताने शाकारलेली झोपडी जळाली तर एका हिवाळ्यात पुन्हा उभी राहते; कुळागर तोडले गेले तर बापाने लावलेले पोराच्या हाती येईपर्यंत मधली वर्षे कोरडी जातात. म्हणूनच मराठी राज्यव्यवस्थेत लढाई संपल्यावर कौल देण्याची पद्धत पडली होती. मुलूख ओस पडला म्हणजे नवा अंमलदार रयतेस अभयाचा कौल देई : गावात परत या, जमीन लागवडीस आणा, मागची बाकी मागणार नाही. पडीत जमिनीवर पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरसाल थोडा थोडा चढता, असा इस्तावा बांधून दिला जाई. कौलनाम्याची भाषा दयेची असते, परंतु तिच्या पोटात हिशेब आहे. शेत कसणाऱ्या हातांवाचून जिंकलेला मुलूख म्हणजे नुसते रान, हे प्रत्येक राज्यकर्त्याला कळत होते. आणि रयतेलाही ते कळत होते. परागंदा होणे हे तिचे दुर्बळाचे शस्त्र होते : गाव सोडून जाण्याची धमकी ही कित्येकदा साऱ्याच्या सुटीची मागणीच असे.

बायकांचे या काळातील जीवन कागदोपत्री फारसे आलेले नाही, तथापि कामाच्या विभागणीवरून ते उभे करता येते. लावणी, बेणणी, कापणी, मळणीनंतरची उपणणी ही कामे पूर्वापार स्त्रियांच्याच हातची. पुरुष चाकरीवर गेल्यानंतर नांगरटीसाठी दुसऱ्याचा बैल आणि दुसऱ्याचा माणूस मिळविण्याची खटपट तेवढी नव्याने त्यांच्यावर पडे, आणि त्याची फेड पुढे आपल्या अंगमेहनतीने करावी लागे. धाडीची वार्ता आली की भात लपवावयाचे, गुरे रानात हाकावयाची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन नदीपार किंवा डोंगरात जावयाचे, आणि यातले काहीही करताना चुलीवरची पेज, नाचणीची भाकर, सुक्या मासळीचा तुकडा यांची सोय चुकवून चालावयाचे नाही. १६६७ च्या बारदेशाच्या मोहिमेत बायकामुले कैद झाली आणि तहात त्यांच्या सुटकेचे कलम घालावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भयाचे स्वरूप कळते. आपल्या पक्षाच्या फौजेने केलेले कृत्य म्हणून त्याकडे डोळेझाक करणे सत्यनिष्ठेला शोभणार नाही. शिवाजी महाराजांनी त्या कैद्यांना मुक्त करण्याचे मान्य केले, हेही तितक्याच सत्यनिष्ठेने सांगितले पाहिजे.

सैन्य हे स्वतः किती भुकेले असते, याचे सर्वांत विदारक उदाहरण डिचोलीनेच पाहिले आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास होता आणि काही काळ डिचोलीस राहिला होता. १६८४ च्या जानेवारीत शहाजादा शाह आलम प्रचंड मोगली फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि त्याने डिचोली उद्ध्वस्त केली. वाडे पाडता आले, बागा तोडता आल्या. परंतु त्या फौजेला खायला घालील इतके धान्य या चिंचोळ्या मुलखात नव्हते आणि समुद्राकडून येणाऱ्या रसदेची वाट पोर्तुगीजांनी मोकळी सोडली नाही. उपासमार आणि रोगराई यांनी ती फौज पोखरली गेली, आणि परतताना घाटात माणसे व जनावरे यांचा मोठा संहार झाला. शेकडो कोसांवरून आलेले ते मोगली शिपाई आणि डिचोलीचे कूळ यांचे परस्परांशी वैर असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही एकाच ओंजळभर तांदळासाठी दोघे समोरासमोर उभे ठाकले. घाट बंद झाले म्हणजे वरून धान्य येत नसे आणि आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या गावांचे मीठ वर जात नसे. तेव्हा घाटावरचा बैलवाला आणि खाडीकाठचा मिठगावडा हे दोघेही, लढाई कोणाची हे न विचारताच, तिचे बळी होत.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. या शतकात एक नवीन प्रकारची यादवी गोमंतकात आली, आणि ती सरळ युरोपातून आली. पोर्तुगालमध्ये दों मिगेल आणि दों पेद्रू या दोन भावांच्या पक्षांत १८२८ ते १८३४ या काळात गृहयुद्ध झाले. उदारमतवादी पक्षाचा जय झाल्यावर बेर्नार्दु पेरिश द सिल्व हे गोमंतकीय गृहस्थ गोव्याचे प्रीफेक्त म्हणून १८३५ च्या जानेवारीत अधिकारावर आले. परंतु अवघ्या सतरा दिवसांत, १ फेब्रुवारीस, लष्करी उठावाने त्यांना पदच्युत केले. त्यानंतर ४ मे रोजी पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात त्यांच्या पक्षाच्या शिपायांची कत्तल झाली, आणि पेडणे महालातील तेरेखोलच्या किल्ल्यावरही तोच रक्तपात घडला. या यादवीत आणि पूर्वीच्या यादवीत एक मूलभूत भेद दिसतो. जुन्या काळी हरलेल्या पक्षाचा शिपाई तलवार घरात ठेवून नांगर धरू शके. त्याचा शत्रूही त्याला कौल देऊन परत बोलावीत असे, कारण त्याच्या हातांची गरज होती. तेरेखोलच्या तटाआड सापडलेल्या पगारी शिपायाला परतण्यासाठी असे शेत नव्हते. तो केवळ शिपाई होता, आणि म्हणून पराभवानंतर त्याचा कोणालाच उपयोग उरला नव्हता. शिपाई आणि कूळ यांची ताटातूट झाली म्हणजे युद्ध अधिक निर्दय होते, हा धडा या किल्ल्याच्या तटावर लिहिलेला आहे.

हीच ताटातूट पुढे दोन्ही सरकारांनी, इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी, राज्यकारभाराचे धोरण म्हणून चालविली, आणि पुढील साठ वर्षांतील बंडांचे मर्म मला येथेच दिसते. १८४४ मध्ये करवीर राज्यातील सामानगडाचे गडकरी उठले. पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करून त्या बदल्यात जमिनी खाणाऱ्या या लोकांच्या जमिनी मामलेदाराच्या व्यवस्थेखाली घालण्यात आल्या, हे त्या उठावाचे कारण. तो वणवा वाडी संस्थानात मनोहरगडापर्यंत पोचला; इंग्रजी फौजेने गड घेतले, आणि फोंड सावंत तांबुळकर व त्यांचे साथीदार सरहद्द ओलांडून गोव्याच्या हद्दीत आले. पेडण्या-डिचोलीच्या गावांना हा प्रकार नवा नव्हता. नवे एवढेच होते की, या खेपेस आलेले पाहुणे आपली जमीन कायमची गमावून आले होते.

इकडे सत्तरीत १८५२ च्या जानेवारीत दीपाजी राणे यांनी शस्त्र उचलले आणि नाणूसचा किल्ला ताब्यात घेतला. करांचा वाढता बोजा आणि वतनांत होणारा सरकारी हस्तक्षेप यांनी त्या बंडाला इंधन पुरविले. तीन वर्षे पोर्तुगीज सरकारला हे बंड मोडता आले नाही, आणि १८५५ मध्ये ते शस्त्राने नव्हे, तर तडजोडीने मिटले. हे का घडले? रानातील बंडखोराला पकडणे कठीण असते हे खरे. परंतु त्याहून खरे कारण असे की, पकडावयाचा कोणाला, हेच पोर्तुगीजांना उमगत नसे. रात्री बंदूक घेऊन वाट अडविणारा मनुष्य सकाळी आपल्या शेतावर बांध धरून उभा असे. ज्या गावाकडून शिपाई लोक रसद मागत, त्याच गावातून बंडखोरांना भाकरी जात होती, आणि दोन्हीही एकाच चुलीवर भाजल्या जात होत्या. गावाला या दुहेरी मागणीचा ताप किती झाला असेल, हे विसरून बंडाचे नुसते गौरवगान करणे मला मान्य नाही. पण त्याचबरोबर, एवढा ताप सोसूनही गाव फुटले नाही, ही गोष्ट त्या बंडाच्या न्याय्यतेविषयी बरेच काही सांगते.

या साऱ्या इतिहासाचा कळस १८९५ मध्ये झाला. मोझांबिकमध्ये, लोरेंसु मार्किश भागात, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव झाला होता, आणि तो मोडण्यासाठी गोव्यातील मराठा शिपायांना आफ्रिकेत पाठविण्याचा हुकूम निघाला. सप्टेंबर महिन्यात या शिपायांनी जाण्यास नकार दिला, शस्त्रांसह पणजी सोडली आणि सत्तरीची वाट धरली. तेथे राणे त्यांना मिळाले. दादा राणे हे त्या उठावाचे नाव ठरले. सरकारी इतिहासात याला लष्करी शिस्तभंग म्हटले जाते. काहींनी धर्मभावनेचे, समुद्रोल्लंघनाच्या निषेधाचे कारण पुढे केले आहे. तेही असेल. परंतु आपण महिना पाहा. सप्टेंबर म्हणजे भाद्रपद-आश्विन. सरद भाताची लोंबी भरत आली आहे, चार आठवड्यांत कापणी. त्यामागोमाग वायंगणाचे बांध. हे शिपाई पगारी होते खरे, परंतु त्यांचे घर, भाऊबंद, खळे या डोंगरापायथ्याच्या गावांतच होते. त्यांना जो हुकूम मिळाला तो केवळ दूर जाण्याचा नव्हता; आपण कोणाच्या घरचे आहोत, हे विसरून जाण्याचा तो हुकूम होता. ज्या लोकांशी त्यांचे काडीचे वैर नाही, जे आपल्यासारखेच आपल्या भूमीसाठी झगडत आहेत, त्यांच्यावर गोळी झाडण्यासाठी समुद्रापार जावयाचे. आणि मागे घरच्यांचे काय, याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळ नाही. अडीचशे वर्षे जो माणूस ऋतूप्रमाणे शिपाई आणि कूळ होत आला होता, त्याने त्या महिन्यात आपण प्रथम कूळ आहोत असा निर्णय दिला.

त्या निर्णयाची किंमतही गावांनीच भरली. नोव्हेंबरात पोर्तुगालच्या राजाचा भाऊ इन्फांत दों आफोंसु नवी फौज घेऊन गोव्यात उतरला. लोकांचे नागरी हक्क स्थगित झाले. बंडखोरांचा पाठलाग, संशयितांची धरपकड, रसदेची सक्ती हे सारे सत्तरी-डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर ओढवले. बंडखोरांनाही खावे लागत होते, आणि त्यांनीही गावांवर मागणी बसविली. हे बंड पूर्ण शांत होईपर्यंत १८९७ साल उजाडले, आणि पुढाऱ्यांपैकी काहींच्या वाट्याला तिमोरसारख्या दूर बेटावरची हद्दपारी आली. समुद्रापार जाण्यास नकार दिल्याबद्दल समुद्रापारच धाडले जाणे, ही शिक्षा त्या राजवटीला स्वाभाविक वाटली असेल. आपल्याला ती त्या राजवटीच्या मनाची साक्ष म्हणून वाचावयाची आहे. १९१२ मध्ये राण्यांनी पुन्हा एकदा शस्त्र उचलले, परंतु तोपर्यंत जुन्या व्यवस्थेचा कणा मोडला होता.

या साऱ्याची स्मृती लोकांनी कशी जतन केली? आजही डिचोली, पेडणे व सत्तरीतील कित्येक गावांत शिगम्याच्या दिवसांत घोडेमोडणी होते. लाकडी घोड्याचे सजविलेले मुख आणि धड कमरेला बांधून, डोक्याला फेटा, हातात उघडी तलवार घेऊन गावचे तरुण ढोलताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे पावले टाकतात. राण्यांच्या विजयाची ती आठवण, असे जाणते लोक सांगतात. नीट पाहिले तर त्या नाचणाऱ्याची पावले शेतकऱ्याची आहेत : अनवाणी, रुंद, चिखलाच्या सवयीची. फाल्गुनात सरद भाताची कामे उरकली आहेत, मृगाला अवकाश आहे. म्हणजे हा तोच मोसम, ज्यात पूर्वी तलवार खरोखर हाती घेतली जाई. रानाच्या कडेला उभे असलेले वीरगळ मेलेल्या योद्ध्याला घोड्यावर किंवा स्वर्गात दाखवितात. घोडेमोडणी त्याच योद्ध्याला जिवंत, आणि आपल्याच गावच्या जमिनीवर उभा असलेला दाखविते. त्या कलेत जी समज आहे, ती आपल्या इतिहासग्रंथांत अद्याप पुरती उतरलेली नाही.

म्हणून, तरुण अभ्यासकांनो, माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात तह, खलिते आणि राज्यपालांचे अहवाल सुरक्षित आहेत. त्यांचा अभ्यास होतच राहील. परंतु देसायांच्या वाड्यांतील वसुलाचे कागद, देवस्थानांच्या महाजनांची जमाखर्चाची बाडे, बांद-मानशींच्या दुरुस्तीचे हिशेब, जमिनीच्या तंट्यांतील जबान्या, हे सारे वाळवीच्या आणि उदासीनतेच्या हवाली आहे. त्यांतील पुष्कळसे मोडीत आहे, आणि मोडी वाचणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. एखाद्या वर्षी बांदाच्या दुरुस्तीचा खर्च का पडला नाही, एखाद्या कुळाचा सारा तीन वर्षे का माफ झाला, एखाद्या देवळात पालखी का निघाली नाही, हे प्रश्न विचारा. लढाईचे खरे वृत्त तुम्हाला त्या कोऱ्या जागांत सापडेल. तारखेची नोंद तहनाम्यात आहेच. त्या तारखेला शेतात कोणते पीक उभे होते, ते तुम्ही शोधा.

आज जगाच्या अनेक भागांत यादवी चालू आहेत, आणि त्यांच्या वार्ता आपण पक्ष, नेते आणि नकाशे यांच्या भाषेत ऐकतो. पेडणे आणि डिचोली यांच्या इतिहासाने मला शिकविले ते असे की, जेथे लढणाऱ्याला परतण्यासाठी शेत उरते, जेथे जिंकणाऱ्याला हरणाऱ्याच्या श्रमाची गरज वाटते आणि तो कौल देऊन त्याला परत बोलावतो, तेथे युद्ध कितीही कडवे असो, त्याला शेवट असतो. आणि जेथे माणसाला भूमीपासून तोडून केवळ शस्त्र म्हणून वापरले जाते, तेथे तहावर सह्या झाल्या तरी शांतता येत नाही. आपले पूर्वज हे कोणत्याही ग्रंथावाचून जाणत होते. तेरेखोलच्या काठी भिन्न पक्षांच्या माणसांनी एकमेकांच्या ओसरीवर आश्रय घेतला, तो याच जाणिवेने घेतला, आणि देणाऱ्यांनी तो याच जाणिवेने दिला. ती जाणीव आपल्या इतिहासलेखनात आणि आपल्या सार्वजनिक जीवनात उतरावी, हीच ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना खरी आदरांजली होईल, असे मी मानतो.